सुरुवातीच्या विश्वातले तेजस्वी क्वासार : गर्दीतले की एकाकी?

बावधनकर

गेली काही वर्षं या एका विषयाने मला धरून ठेवलंय. इथे खगोलात रस असलेले बरेच जण आहेत, म्हणून सविस्तर लिहितोय. चर्चा व्हावी ही मनापासून इच्छा.

आज विश्वाचं वय १३.८ अब्ज वर्षं आहे. ते एक अब्ज वर्षांचंही नव्हतं, तेव्हाच काही दीर्घिकांच्या केंद्रात अब्ज सूर्यांच्या वस्तुमानाची कृष्णविवरं तयार झालेली होती. त्यांच्याभोवती फिरत आत पडणारा वायू इतका तापतो की त्याचा उजेड अख्ख्या दीर्घिकेला झाकून टाकतो. हाच क्वासार. २००० सालानंतर स्लोन या आकाश-सर्वेक्षणात असे क्वासार सापडायला लागले आणि मग यादी वाढतच गेली. २०१७ मध्ये ७.५४ ताम्रसृतीचा (विश्वाच्या प्रसरणाने प्रकाश लाल बाजूला किती ताणला गेला त्याचं माप; आकडा जितका मोठा, तितकी वस्तू लांबची आणि जुन्या काळची) एक मिळाला. त्याच्यातलं कृष्णविवर ८० कोटी सूर्यांइतकं आणि तेव्हाचं विश्व जेमतेम ६९ कोटी वर्षांचं. २०२१ मध्ये त्याच्याही पलीकडचा मिळाला, ७.६४ ताम्रसृतीचा, १.६ अब्ज सूर्यांचा.

आता हिशेब करून बघा. कृष्णविवराने भराभर वायू गिळायला सुरुवात केली की त्या वायूच्याच प्रकाशाचा दाब मागच्या वायूला बाहेर लोटतो. ही एडिंग्टन मर्यादा. पडणाऱ्या वस्तुमानाचा दहावा हिस्सा प्रकाशात जातो असं धरलं, तर या मर्यादेत राहून कृष्णविवराला २.७ पट व्हायला साधारण साडेचार ते पाच कोटी वर्षं लागतात. शंभर सूर्यांपासून एक अब्ज सूर्यांपर्यंत जायचं म्हणजे एक कोटी पट, म्हणजे अशा सोळा फेऱ्या. झाली सत्तर ते ऐंशी कोटी वर्षं, तीही एक दिवस न थांबता! बीज मोठं असेल, दहा हजार किंवा लाख सूर्यांचं, तर थोडी सवलत मिळते. पण खुराक अखंड हवा, यातून सुटका नाही.

आणि अखंड खुराक कुठे मिळणार? जिथे कृष्णपदार्थ सगळ्यात दाट साचलाय, जिथे चहूबाजूंनी वायूचे ओघ येऊन मिळतात, तिथेच. विश्वाची वाढ संगणकावर घडवून बघणाऱ्या २००५ च्या मिलेनियम सिम्युलेशनने हेच दाखवलं : असे क्वासार त्या काळातल्या सर्वांत जड हेलोंमध्ये, म्हणजे कृष्णपदार्थाच्या गोळ्यांमध्ये, असावेत आणि त्यांचे आजचे वारस दीर्घिकांच्या मोठमोठ्या समूहांच्या मधोमध. हे खरं असेल तर क्वासारच्या अवतीभवती लहान-मोठ्या दीर्घिकांची दाटी दिसायला हवी.

ती शोधायला गेल्यावर मात्र उत्तर एक मिळेना. २००९ मध्ये हबलच्या कॅमेऱ्याने पाच क्वासारांचा परिसर तपासला गेला : दोन ठिकाणी दाटी, दोन ठिकाणी नेहमीपेक्षाही कमी दीर्घिका, एक सर्वसाधारण. पुढे दहा-बारा वर्षं हेच चाललं. एक गट म्हणायचा गर्दी आहे, दुसरा म्हणायचा काहीच नाही.

माझं मत सरळ आहे. या गोंधळातला मोठा वाटा आपल्या मोजण्याच्या पद्धतीचा होता आणि जेम्स वेबने तो बराचसा निस्तरलाय. पण गोंधळ निस्तरल्यावर जे उरलंय, ते जास्त अवघड आहे.

---

जुना_कोथरूडकर

उत्तम धागा. एक प्राथमिक शंका. आकाशात सगळं एकाच पडद्यावर दिसतं. क्वासारच्या शेजारी दिसणारा ठिपका खरोखर शेजारी आहे की त्याच्या अलीकडे-पलीकडे कुठेतरी, हे ठरवतात कसं? हबलच्या त्या पाच क्षेत्रांत हे ठरवलं होतं का?

---

बावधनकर

काका, नेमक्या जागी बोट ठेवलंत. सगळी मेख तिथेच आहे.

पर्वतीवरून रात्री दक्षिणेकडे बघितलं तर सहकारनगरातला दिवा आणि कात्रजच्या घाटातला दिवा एकमेकांना खेटून दिसतात. मधलं अंतर डोळ्याला कळत नाही. हबलचं तसंच होतं. तिथे फक्त रंगावरून निवड केली होती. इतक्या लांबच्या दीर्घिकेचा १२१.६ नॅनोमीटरच्या अलीकडचा प्रकाश वाटेतला हायड्रोजन शोषून टाकतो. ताम्रसृती ६ असली की ही कडा ८५० नॅनोमीटरपाशी येते, म्हणजे दीर्घिका एका फिल्टरमधून गायब आणि पुढच्या फिल्टरमध्ये हजर. ही युक्ती सुंदर आहे, पण तिच्यात ताम्रसृतीची अनिश्चितता जवळजवळ एकाची राहते. खोलीत मोजलं तर ती कोट्यवधी प्रकाशवर्षं भरते. एवढ्या खोल पट्ट्यातल्या सगळ्या दीर्घिका एकत्र मोजल्या तर क्वासारजवळची खरी दाटी त्यात विरून जाते, किंवा नसलेली दाटी दिसायला लागते.

दुसरी पद्धत अरुंद फिल्टरची. हायड्रोजनची लायमन-आल्फा रेषा नेमकी त्या फिल्टरमध्ये पडली तरच दीर्घिका धरायची. खोलीचा पट्टा बारीक होतो हे खरं. पण लायमन-आल्फा प्रकाश फार नाजूक. धुळीत अडकतो, उदासीन हायड्रोजनमध्ये विखुरतो. त्यामुळे ज्या दीर्घिकेतून ही रेषा बाहेर पडतच नाही ती यादीतून सुटते.

वेबने तिसरी वाट धरली. त्याच्या निअरकॅम या अवरक्त कॅमेऱ्यात ग्रिझम आहे, तो क्षेत्रातल्या प्रत्येक ठिपक्याचा वर्णपट एकदमच पसरवतो. आधी लक्ष्य निवडायची गरजच नाही. ६ च्या आसपासच्या दीर्घिकेत दोनदा आयनीभूत झालेल्या ऑक्सिजनची ५००.७ नॅनोमीटरची रेषा ताणली जाऊन साडेतीन मायक्रॉनवर येते, अगदी त्याच्या फिल्टरच्या मध्यात. ही रेषा एकटी नसते. तिच्या शेजारी ४९५.९ ची तिची जोडीदार, बरोबर एक तृतीयांश तेजाची, आणि थोडं पुढे हायड्रोजनची ४८६.१ ची. लांब पसरलेल्या फिकट पट्ट्यावर एक ठसठशीत ठिपका, त्याला चिकटून तिसऱ्या हिश्शाचा दुसरा, मग जरा अंतराने तिसरा. हे तीन ठिपके त्या प्रमाणात दिसले की ताम्रसृतीबद्दल शंका उरत नाही.

आयगर नावाच्या प्रकल्पात जे०१००+२८०२ या क्वासारभोवती असं काम झालं. हा त्या काळातला राजाच म्हणायला हवा, दहा अब्ज सूर्यांच्या आसपासचं कृष्णविवर! २०२३ च्या पहिल्या निकालात त्या एका क्षेत्रात ५.३ ते ६.९ ताम्रसृतीच्या ११७ दीर्घिका सापडल्या. त्या ताम्रसृतीवर मांडल्या तर तीन उंच शिखरं दिसतात : ६.१९, ६.३३ आणि ६.७८ वर. मधलं शिखर क्वासारच्याच ताम्रसृतीचं. म्हणजे दाटी आहे, आणि चांगली घसघशीत आहे.

बाकीच्या दोन शिखरांकडे मात्र नीट बघा. तिथेही दाटी आहे, पण तेजस्वी क्वासार नाही. याकडे मी नंतर येतो.

---

रोहिणी_न

वाचतेय. सोपं करून लिहिताय त्याबद्दल आभार. ती तीन ठिपक्यांची गोष्ट वाचून खरंच अंगावर काटा आला.

---

अंशुमती

छान मांडलंय, पण एका मुद्द्यावर मी बावधनकरांशी सहमत नाही. मुद्दा क्षेत्राच्या आकाराचा आहे.

६ ताम्रसृतीला आकाशातलं एक आर्कमिनिट म्हणजे तेव्हाच्या विश्वातली सुमारे ११ लाख प्रकाशवर्षं. हबलच्या त्या कॅमेऱ्याची चौकट ३.४ आर्कमिनिटांची, पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीचा नववा हिस्सा. पण पुढे जाऊन जो समूह होणार, त्याच्या दीर्घिका त्या वेळी अजून एकत्र आलेल्या नसतात. त्या दहा-वीस आर्कमिनिटांवर विखुरलेल्या असतात. मग हबलला 'गर्दी नाही' दिसली तर नवल काय? वेबची क्षेत्रंही साडेसहा बाय साडेतीन आर्कमिनिटांसारखीच आहेत. ताम्रसृती अचूक मिळाली, पण चौकट लहानच राहिली.

उलट बाजूने बघा. जे१०३०+०५२४ हा क्वासार हबललाही दाटीतलाच दिसला होता. २०२० मध्ये व्हीएलटी या दुर्बिणीने त्याच्याभोवतीच्या सहा दीर्घिकांची ताम्रसृती पक्की केली आणि त्या सगळ्या एकाच जाळ्यात निघाल्या. हे जाळं आपल्या आकाशगंगेच्या तीनशेपटीहून मोठ्या पसाऱ्याचं. इथे जुनी पद्धत आणि नवी पद्धत दोन्ही एकच सांगतात. म्हणजे जुनी मोजणी सरसकट वाया गेली असं म्हणता येत नाही.

आणि एकाकी क्वासारही खरेच असू शकतात. ६.९ ताम्रसृतीचा जे२३४८-३०५४ घ्या. चिलीतल्या ब्लँको दुर्बिणीवरच्या डार्क एनर्जी कॅमेऱ्याने त्याचा परिसर बघितला. हा कॅमेरा एका दमात चार चंद्रांएवढी रुंदी टिपतो. २०२४ मध्ये निकाल आला : ६ कोटी प्रकाशवर्षांपर्यंतच्या परिसरात ३८ सोबती, आणि दीड कोटी प्रकाशवर्षांच्या आत एकही नाही! बाहेर गर्दी, मध्ये मोकळं मैदान. लहान चौकटीने बघितलं असतं तर 'हा क्वासार ओसाड जागी आहे' एवढंच कळलं असतं.

---

बावधनकर

अंशुमती, जे२३४८ चा मुद्दा महत्त्वाचा आहे. पण तिथे निवड लायमन-आल्फाची होती हे विसरू नका. मधलं मैदान खरोखर रिकामं आहे की तिथल्या दीर्घिकांतून फक्त ती रेषा येत नाही, हे त्या चित्रावरून सांगता येत नाही.

त्या गटाने एक शक्यता सुचवली आहे आणि मला ती पटण्यासारखी वाटते. क्वासारचा अतिनील प्रकाश आजूबाजूच्या वायूला तापवतो. लहान हेलोंचं गुरुत्व कमजोर, त्यांच्यातला तापलेला वायू सुटून जातो, निदान थंड होऊन तारे बनवण्याच्या अवस्थेत येत नाही. मोठ्या दीर्घिकांना फारसा फरक पडत नाही. लायमन-आल्फात सहज दिसणाऱ्या दीर्घिका बहुतेक लहानच असतात. मग क्वासारच्या अंगणात नेमक्या त्याच दिसेनाशा व्हायच्या.

---

अंशुमती

पटतं, पण अर्धंच. वायू तापायला आणि ताऱ्यांची निर्मिती मंदावायला वेळ लागतो. क्वासार पेटून दहा हजार वर्षंच झाली असतील तर शेजाऱ्यांवर तेवढ्यात काय परिणाम होणार? काही क्वासारांभोवतीची आयनीभूत हायड्रोजनची पोकळी इतकी लहान आहे की ते लाखभर वर्षांपेक्षा कमी काळ पेटलेले असावेत असा अंदाज निघतो. त्यांच्या बाबतीत हे स्पष्टीकरण लागू पडत नाही.

अल्मा या रेडिओ दुर्बिणींच्या संचाचीही गोष्ट इथे यायला हवी. २०१७ मध्ये २५ क्वासार अल्माने बघितले, आयनीभूत कार्बनच्या १५८ मायक्रॉनच्या रेषेत. त्यातल्या चारांच्या अगदी जवळ वायूने गच्च भरलेल्या, जोमाने तारे बनवणाऱ्या सोबती दीर्घिका निघाल्या. धुळीने झाकलेल्या असल्या शेजाऱ्यांना दृश्य-अवरक्त चौकटीत कोण मोजणार? म्हणजे 'एकाकी' हा शिक्का मारण्यापूर्वी तीन-चार वेगवेगळ्या खिडक्यांतून बघायला हवं.

---

वेल्हेकर

तुमच्यासारखा अभ्यास नाही, पण आकाश बघायची आवड जुनी आहे. ३सी २७३ हा क्वासार माझ्या दहा इंची डॉब्सोनियनमधून वेल्ह्याच्या बाजूला गेल्यावर दरवर्षी बघतो. कन्या राशीत, पोरिमा ताऱ्याच्या वायव्येला. प्रत (तेजाचा आकडा, जितका मोठा तितकं अंधुक) १२.९, म्हणजे पुण्यातून कठीणच, पण राजगडाच्या मागच्या अंधारात मार्च-एप्रिलला जमतो. चांगला नकाशा लागतो, कारण दिसायला तो साध्या ताऱ्यासारखाच. वेगळं काही दिसत नाही, फक्त हा प्रकाश दोन अब्जांहून जास्त वर्षं चालत आलाय एवढं मनात असतं. सोबतच्या पोरांना मी आधी बघू देतो आणि नंतर अंतर सांगतो. ती परत आयपीसला डोळा लावतात.

याच्याभोवतीही गर्दी आहे का?

---

बावधनकर

वेल्हेकर, फार छान. १९६३ मध्ये मार्टेन श्मिट यांनी याच क्वासारच्या वर्णपटातल्या रेषा ओळखल्या आणि ताम्रसृती ०.१५८ ठरवली, तिथून क्वासारांची गोष्ट सुरू झाली. त्याची नेमकी जागा मिळाली ती चंद्राच्या पिधानातून, म्हणजे चंद्र त्याच्यासमोरून जाऊन त्याला झाकतो ती वेळ टिपून, ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीवर. हीच पिधानाची पद्धत गोविंद स्वरूप यांनी उटीच्या दुर्बिणीसाठी वापरली, आणि पुढे त्यांनीच आपल्या खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभी केली. पुणेकरांनी हा धागा लक्षात ठेवावा असं मला मनापासून वाटतं.

गर्दीबद्दल : आपल्या जवळच्या काळातले क्वासार सहसा मोठ्या समूहांच्या मधोमध नसतात, मध्यम गटांत असतात. मोठ्या समूहात दीर्घिकांचे वेग इतके असतात की त्या एकमेकींच्या जवळून निघून जातात, विलीन होत नाहीत. आणि मधला वायू कोट्यवधी अंश तापलेला, तो सहजी कृष्णविवरात उतरत नाही. सुरुवातीच्या विश्वात समूह अजून जुळायचे होते, वायू थंड आणि मुबलक होता. त्यामुळे आजचा नियम तिकडे लावता येत नाही.

---

रोहिणी_न

नारळीकर सर क्वासारांच्या ताम्रसृतीबद्दल वेगळं म्हणायचे ना? शाळेत असताना आयुकातल्या एका शनिवारच्या व्याख्यानाला गेले होते, तेव्हापासून हे डोक्यात आहे. या नव्या निरीक्षणांनंतर त्याचं काय झालं?

---

अंशुमती

हो. हॉइल, बर्बिज आणि आर्प यांच्यासोबत त्यांनी हा प्रश्न लावून धरला होता : क्वासारची सगळी ताम्रसृती विश्वाच्या प्रसरणामुळेच आहे हे कशावरून? काही क्वासार जवळच्या दीर्घिकांना खेटून दिसतात, त्यांचं काय?

या धाग्यातला विषय त्या प्रश्नाला थेट भिडतो. जे०१०० च्या परिसरात साध्या, क्वासार नसलेल्या दीर्घिका क्वासारच्याच ताम्रसृतीवर गोळा झालेल्या आहेत. त्यांचा प्रकाश ताऱ्यांचा आणि ताऱ्यांनी उजळलेल्या वायूचा, त्यात काही वेगळी यंत्रणा नाही. शिवाय २०२३ मध्ये वेबने ६.४ ताम्रसृतीच्या आसपासच्या दोन क्वासारांच्या यजमान दीर्घिकांतला ताऱ्यांचा प्रकाशही वेगळा करून दाखवला. अंतर खरं आहे, हे आता फार भक्कमपणे म्हणता येतं.

---

बावधनकर

रोहिणीताई, विचारलंत हे बरं झालं.

आता ६.१९ आणि ६.७८ वरच्या, क्वासार नसलेल्या शिखरांकडे वळतो.

आयगर गटाने २०२४ मध्ये वेगवेगळ्या क्वासारांभोवतीच्या दीर्घिका एकत्र घेऊन सहसंबंध काढला, म्हणजे क्वासारजवळ दीर्घिका सरासरीहून किती जास्त आहेत ते मोजलं. सरासरी उत्तर स्पष्ट आलं : हे क्वासार दोन-तीन लाख कोटी सूर्यांच्या किंवा त्याहून जड हेलोंमध्ये बसलेत. म्हणजे सिद्धांताने जवळपास बरोबर सांगितलं होतं. पण क्वासारागणिक फरक प्रचंड. एकाच्या भोवती झुंबड, दुसऱ्याच्या भोवती जवळपास शुकशुकाट. तेही सगळ्यांना एकच उपकरण आणि एकच रेषा लावून, म्हणून हा फरक आता मोजणीच्या पद्धतीवर ढकलता येत नाही. इथे अंशुमतींचं म्हणणं मला मान्य आहे : एकाकी क्वासार आहेत.

दुसरी गोष्ट आणखी विचारात पाडणारी. इतके जड हेलो आकाशात जितके असायला हवेत, त्या मानाने पेटलेले क्वासार फारच थोडे. म्हणजे एकेक क्वासार आपल्या आयुष्याचा अत्यल्प भागच तेजस्वी असतो, बाकीचा काळ विझलेला. बिनक्वासारची ती दोन शिखरं याच चित्रात बसतात. पण मग माझा वरचा हिशेब आठवा : सत्तर-ऐंशी कोटी वर्षं अखंड खाल्ल्याशिवाय अब्ज सूर्य होत नाहीत. थोडाच वेळ पेटणारं कृष्णविवर एवढं वाढलं कधी?

माझा कल धुळीकडे आहे. वाढीचा बराच काळ कृष्णविवर धूळ-वायूच्या दाट आवरणात असावं. खातंय, पण अतिनील प्रकाश आपल्यापर्यंत येत नाही, म्हणून आपण त्याला क्वासार म्हणून मोजत नाही. दुसरी शक्यता : पडणाऱ्या वस्तुमानाचा दहाव्या हिश्शाहून बराच कमी भाग प्रकाशात जातो, त्यामुळे वाढ झपाट्याने होते.

---

अंशुमती

धूळ मला एकाकी क्वासारांसाठी पुरेशी वाटत नाही. धूळ प्रकाश लपवेल, पण खुराक आणून देणार नाही. आजूबाजूला दीर्घिका कमी, म्हणजे द्रव्य कमी असं धरलं तर अब्ज सूर्यांइतका वायू सतत आला कुठून? दीर्घिकांच्या मोजणीत न दिसणारा, थेट विश्वाच्या जाळ्याच्या तंतूंतून वाहत येणारा थंड वायू तिथे आहे का, हे तपासायला हवं. अस्पायर या वेबच्याच प्रकल्पाने २०२३ मध्ये जे०३०५-३१५० भोवती दहा दीर्घिकांचा तीस लाख प्रकाशवर्षं लांबीचा तंतू दाखवला. तो गर्दीतला क्वासार होता. अस्पायरच्या यादीत २५ क्वासार आहेत. त्यातले जे ओसाड दिसतात त्यांच्यावर अल्मा रोखायला हवी.

---

जुना_कोथरूडकर

हे सगळं वाचताना सरस्वती महासमूह आठवला, २०१७ मध्ये आयुकाच्याच मंडळींनी शोधलेला, चार अब्ज प्रकाशवर्षांवरचा. त्याच्यातल्या एखाद्या समूहात पूर्वीचा असा क्वासार निजलेला असू शकेल का?

---

बावधनकर

काका, असू शकेल, पण खात्री देता येत नाही. मिलेनियमच्या चित्रानुसार अशा कृष्णविवरांचे वारस आज समूहांच्या मधल्या राक्षसी दीर्घिकांत असायला हवेत. आपल्या जवळचं उदाहरण एम८७, कन्या समूहातली, ६.५ अब्ज सूर्यांच्या कृष्णविवराची. ते सुरुवातीच्या काळात क्वासार होतं असा पुरावा नाही, पण वस्तुमान शोभणारं आहे.

अडचण अशी की तेव्हा सर्वांत जड असलेला हेलो आजही सर्वांत जड असेलच असं नाही. मधल्या तेरा अब्ज वर्षांत क्रम बदलतात. एखादा लवकर वाढतो आणि मग थबकतो, शेजारचा मागून येऊन पुढे जातो. अंशुमतींचे एकाकी क्वासार कदाचित असेच लवकर वाढून थबकलेले असतील. तसं असेल तर त्यांचे वारस समूहात सापडणार नाहीत, एखाद्या एकट्या मोठ्या दीर्घिकेत शोधावे लागतील.

---

अंशुमती

हे तपासण्याजोगं आहे, म्हणून आवडलं. युक्लिड ही दुर्बीण २०२३ पासून अवकाशात आहे आणि तिची चौकट अर्ध्या चौरस अंशाची. या काळातले क्वासार आणि त्यांचा लांबवरचा परिसर एकाच चित्रात मिळेल. लांबचा घेर दाट पण मध्य मोकळा निघाला तर जे२३४८ सारखी परिस्थिती. लांबचा घेरही विरळ असेल तर तुमचा लवकर वाढून थबकलेला हेलो. पहिल्या आणि दुसऱ्या प्रकारात किती क्वासार पडतात, तेवढं कळलं तरी पुरे.

---

वेल्हेकर

यंदा मार्चमध्ये अमावास्येच्या आसपास वेल्ह्याला जाणार आहे. ज्यांना ३सी २७३ बघायचाय त्यांनी विपु (विचारपूस) करा. गाडीत दोन जागा आहेत, गरम कपडे आणा.